कातकामाची बारीक हत्यारे

लेथवर फिरणाऱ्या लाकडावर मणी, खाच, पन्हळ, कंगोरा असे नाजूक आकार काढण्यासाठी कारागीर स्वतः जी लहान हत्यारे घडवतो, त्यांना कातकामाची बारीक हत्यारे म्हणतात. लाटणे, पलंगाचा खूर किंवा पाळण्याचा गज कातायला नेहमीच्या रुंद पटाश्या पुरतात; पण देव्हाऱ्याच्या कळसावरचा तीन-चार मिलिमीटरचा मणी किंवा बुद्धिबळाच्या सोंगटीचा गळा कातताना रुंद पाते कोपऱ्यात शिरत नाही आणि शेजारचा तयार आकार खरवडून जाते.

नाशिकमध्ये अशा हत्यारांची गरज जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत विशेष जाणवते. सज्जाच्या कठड्यातला एखादा कातीव गज मोडला, तर नवा गज बाकीच्या गजांशी मण्यामण्याने जुळावा लागतो, आणि त्या मण्याची नेमकी गोलाई बाजारातल्या कोणत्याही पटाशीत सापडत नाही. जुन्या गजावर पातळ पत्रा धरून मण्याचा साचा उतरवून घ्यावा आणि त्याबरहुकूम हत्याराची धार घासावी, हाच त्यावरचा खात्रीचा मार्ग आहे. वाड्यांचे लाकूड बहुतेक सागवान असते. सागात सिलिका असल्यामुळे पोलादाची धार लवकर बोथटते, म्हणून या कामात आकाराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, विचार पोलादाचा करावा लागतो.

साधे उच्च-कार्बन पोलाद घासायला सोपे असते आणि त्याला घरच्या घरी पाणी देता येते, म्हणजे तापवून व बुडवून कठीण करता येते. तुकडा लाल तापवून तो चुंबकाला चिकटेनासा झाला (सुमारे ७७० अंश सेल्सिअस) की थोडा आणखी तापवून तेलात बुडवतात. अशा वेळी तो काचेसारखा ठिसूळ होतो. म्हणून वरचा काळा थर घासून तो पुन्हा हलकेच तापवतात आणि पृष्ठभागावर गवती पिवळा रंग, म्हणजे सुमारे २३० अंश, दिसताच थांबतात. पुढे ग्राइंडरवर धार लावताना टोक निळे पडले, तर तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजून तो भाग घासून टाकावा लागतो. हायस्पीड स्टीलला ही अडचण नाही. टंगस्टन, मॉलिब्डेनम, क्रोमियम आणि व्हॅनेडियम यांच्यामुळे ते सुमारे ६०० अंशांपर्यंत कठीण राहते, त्यामुळे ग्राइंडरवरच्या निळेपणाने त्याचे फारसे बिघडत नाही. मात्र तापलेले टोक एकदम पाण्यात बुडवल्यास सूक्ष्म तडे जाऊ शकतात. सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींच्या शहरात या पोलादाचे झिजलेले टूल बिट (धातू कातायचे चौकोनी तुकडे), मोडके ड्रिल आणि पॉवर हॅकसॉचे पाते मिळवणे कठीण नसते. सागासाठी याच पोलादाला प्रथम पसंती द्यावी.

सर्वांत उपयोगी आणि करायला सर्वांत सोपे हत्यार म्हणजे तीन पैलूंचे टोकदार हत्यार. ६ मिलिमीटर जाडीच्या गोल सळईच्या टोकाला मध्यरेषेशी सुमारे ३० अंशांचा कोन ठेवून तीन समान पैलू पाडले की ते तयार होते. एक कड वर ठेवून टोक आत नेले की स्वच्छ खाच पडते आणि हत्यार किंचित फिरवून पैलू लाकडाला टेकवला की मण्याची बाजू उतरत जाते. मण्याचे हत्यार याहून कष्टाचे आहे. चौकोनी टूल बिटच्या समोरच्या अंगात लहान गोल दगडाने अर्धवर्तुळ कोरतात, आणि ते कोरताना दगड तिरका धरून खालची बाजू मागे सरकती ठेवतात. हा उतार विसरला, तर धारेखालचे अंग लाकडावर घासून मणी करपतो. नंतर धार फक्त वरच्या सपाट अंगावर लावावी, म्हणजे कितीही वेळा लावली तरी मण्याचा आकार बदलत नाही. हॅकसॉच्या पात्यापासून केलेल्या खाचपटाशीतही (अरुंद खाच पाडायच्या पटाशीतही) हेच तत्त्व असते: धारेमागचे अंग थोडे बारीक करावे लागते, नाहीतर पाते खोल खाचेत अडकते.

बारीक हत्यार थरथरते, आणि ती थरथर लाकडावर लाटांसारखी उमटते. गोल सळईची जाडी निम्मी केली, तर तितक्याच दाबाखाली ती १६ पट वाकते. टेकूपुढे (लेथवर हत्यार ज्यावर टेकवतात त्या आधारापुढे) निघालेली लांबी दुप्पट केली, तर ८ पट. म्हणून ३ मिलिमीटरच्या सळईपेक्षा ६ मिलिमीटरची घेऊन फक्त टोकच बारीक करावे आणि टेकू लाकडाच्या शक्य तितका जवळ आणावा.

मूठ शक्यतो घट्ट लाकडाची कातावी. बाभूळ यासाठी चांगली. सळई बसवायच्या तोंडाशी पितळी नळीचा तुकडा शेंबी म्हणून ठोकावा, कारण शेंबीवाचून मूठ भोकाच्या रेषेत चिरते. भोकात इपॉक्सी भरून सळई ३० ते ४० मिलिमीटर आत जाऊ द्यावी आणि ते रात्रभर वाळू द्यावे.

जुनी कानस घासून हत्यार करण्याची पद्धत सर्रास आढळते, पण ताव न उतरवलेली, म्हणजे पुन्हा हलकेच तापवून ठिसूळपणा कमी न केलेली, कानस इतकी ठिसूळ असते की लाकडात अडकल्यास तिचे तुकडे उडतात. कानस वापरायचीच असेल, तर तिचे दात पूर्ण घासून, धारेला वरच्याप्रमाणे पिवळा आणि मुठीकडच्या भागाला निळा ताव द्यावा. ग्राइंडरवर आणि लेथवर चष्मा घालावा. हातमोजे मात्र घालू नयेत, ते फिरत्या लाकडात ओढले जातात.