समोर दिसणारी फाइल सापडत का नाही?

परवा भाचीने स्क्रीनचा फोटो पाठवला. तिची पहिलीच शेल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरने एकामागून एक पाळायच्या आज्ञांची फाइल, 12 ओळींची. लिहिली विंडोजच्या नोटपॅडमध्ये, चालवायला घेतली लिनक्सवर. उत्तर आलं, ‘बॅड इंटरप्रिटर: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’, म्हणजे दुभाष्यात गडबड, अशी फाइलच नाही. खाली तिचा प्रश्न: “मामा, फाइल तर समोर दिसतेय!”

सापडली नव्हती ती तिची फाइल नव्हेच. स्क्रिप्ट म्हणजे नुसता मजकूर, प्रोसेसरला तो थेट कळत नाही. म्हणून लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आधी फाइलचे पहिले दोन बाइट बघतो. ते 35 आणि 33, म्हणजे हॅश आणि उद्गारचिन्ह असले, की पुढे दुभाष्याचा, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामचा पत्ता आहे हे त्याला समजतं. ही सोय डेनिस रिची यांनी 1980 साली युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्स ज्याच्या धर्तीवर बेतलंय त्या प्रणालीत आणली. भाचीने पत्ता लिहिला होता ‘/बिन/बॅश’; बॅश हा तो दुभाष्या. अगदी बिनचूक.

मग अडलं कुठे? टायपिंगच्या क्लासला गेलेल्यांना आठवेल, ओळ संपली की लिव्हर ढकलायची. एकाच झटक्यात गाडा मूळ जागी यायचा आणि कागद एक ओळ वर सरकायचा. तारेवरून आलेला मजकूर छापणाऱ्या टेलिप्रिंटरमध्ये मात्र या दोन कामांना दोन वेगळे संकेत होते. छापणारं डोकं डावीकडे परत नेणारा 13 आणि कागद सरकवणारा 10. टेलिटाइप मॉडेल 33 हा टेलिप्रिंटर सेकंदाला 10 अक्षरं छापायचा. एका अक्षराच्या वेळात डोकं डाव्या टोकाला पोहोचत नसे, म्हणून आधी 13 पाठवायचा आणि ते परतत असतानाच 10. यंत्रं मोडीत निघाली, जोडी राहिली. विंडोजच्या आधीच्या डॉसने आणि मागोमाग विंडोजने ती जपली. युनिक्सने एकटा 10 ठेवला.

कर्नल पत्ता वाचतो तो 10 भेटेपर्यंत. त्याच्या लेखी 13 हे पत्त्यातलंच एक अक्षर. त्यामुळे तो ‘बॅश’ नव्हे, तर शेवटी 13 चिकटलेल्या नावाचा प्रोग्राम शोधत बसतो, आणि असा प्रोग्राम नसतोच. फोटो मोठा करून बघितला तर पत्त्याच्या शेपटाला ‘^एम’ होतं, म्हणजे तोच 13. एम हे इंग्रजी वर्णमालेतलं तेरावं अक्षर!

मैत्रिणींनी तिला ‘सीएचमॉड 777’ करायला सांगितलं होतं. हा उतारा हल्ली कशावरही टाकतात. त्याने फाइल वाचायची, बदलायची, चालवायची मुभा सगळ्यांनाच मिळते, 13 मात्र जागचा हलत नाही. अडचण परवानगीची असती तर संदेश ‘परमिशन डिनाइड’ असा आला असता. संदेश न वाचता उपाय करत सुटणं मला फार खटकतं.

तिला ‘डॉस-टू-युनिक्स’ हा ओळींच्या शेवटचे 13 काढून टाकणारा छोटा प्रोग्राम चालवायला सांगितला. स्क्रिप्ट लगेच चालली. फाइलचा आकारही तिने बघून कळवला: आधी 214 बाइट, आता 202. ओळी 12, गेलेले बाइटही 12.