साठीत काठी टेकायची की फिरवायची?

नागपूरच्या अंबाझरी तलावावर सकाळी फिरायला गेलं की एक काकाजी दिसतात, सत्तरीचे असतील, बांबूची लाठी फिरवून राहिलेले असतात. परवा मी उभा राहून नुसते त्यांचे पाय पाहिले. लाठी इकडून तिकडे गेली की सगळं वजन एका पायावर, दुसऱ्याची टाच वर, अन् झटकन पवित्रा बदल. आपलं लक्ष हातांकडे, पण खरी मेहनत खालीच चाललेली असते बाप्पा.

आता म्हातारपणी माणूस पडतो कशानं? बऱ्याचदा तोल गेल्यावर सावरणारं पाऊल वेळेत पडत नाही म्हणून. स्नायूंत दोन जातीचे धागे असतात, एक संथ पण लवकर न थकणारे, दुसरे झटक्यात ओढणारे, आणि वयानं जास्त बारीक होतात ते झटकेवाले. साधं चालणं मुख्यतः संथवाल्यांवरच निभतं, म्हणून रोज पाच किलोमीटर चालणारा माणूसही बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळला की आडवा होऊ शकतो. आणि बाजूला पाऊल तर आपण दिवसभरात किती वेळा टाकतो सांगा!

‘ताई ची’ नावाची चिनी व्यायामकला संथ असते, लाठीसारखी नाही, पण वजन या पायावरून त्या पायावर नेणं तिथंही तेच. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये सत्तरीच्या पुढच्या 670 लोकांवर प्रयोग झाला, 2018 मध्ये छापून आला. आठवड्यातून दोनदा एक-एक तास, सहा महिने. ताई चीवाल्यांचं पडणं नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा 58 टक्के कमी निघालं.

मी 58 वर्षांचा. ओट्याजवळ उभं राहून एका पायावर दहा सेकंद करून पाहिले, उजव्यावर जमलं, डाव्यावर सहाव्यालाच ओटा धरला. (बायको हसली, तिचे दोन्ही झाले.)

ज्युदोत तर पडायचंच आधी शिकवतात, हनुवटी छातीला लावून अंग गोल करायचं, हात टेकवायचा नाही, कारण मनगट तिथंच मोडतं. पण हाडं ठिसूळ असतील तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि बीपीवाल्यांनी जोर लावताना श्वास कोंडू नये. मे महिन्यात तर नागपुरात उजाडतानाच आटपा.

शेवटी काकाजींना म्हटलं, मला द्या ना लाठी. ते म्हणाले, पहिले पंधरा दिवस फक्त पाय हलवा, त्यातही डावा, काठीचं मग पाहू.