चेहऱ्याची बधिरता आणि डोकेदुखी : ‘कारण सापडत नाही’ या निदानाची पार्श्वभूमी

चेहऱ्याचा एखादा भाग सुन्न पडला आहे आणि डोकेही दुखते आहे, अशी तक्रार करणाऱ्या रुग्णाला बरेचदा ‘कारण सापडत नाही’ एवढेच ऐकावे लागते. या उत्तरामागे मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात वेदनेची दखल जितकी लवकर घेतली गेली, तितकी बधिरतेची घेतली गेली नाही.

डोकेदुखीची वर्णने प्राचीन आहेत. सुश्रुतसंहितेतील अकरा शिरोरोगांत अर्धे डोके दुखवणारा अर्धावभेदक आहे, आणि गेलन या वैद्याने वापरलेल्या ‘हेमिक्रेनिया’ या ग्रीक शब्दातूनच पुढे ‘मायग्रेन’ हे नाव आले. चेहऱ्यात विजेसारखी उठणारी कळ १६७७ मध्ये जॉन लॉक याने पत्रांतून वर्णिली. तत्त्वज्ञ म्हणून ओळखला जाणारा लॉक वैद्यही होता, आणि पॅरिसमध्ये इंग्लंडच्या राजदूताच्या पत्नीला होणारा त्रास त्याने पाहिला होता. १७५६ मध्ये निकोला आंद्रे याने या विकाराला फ्रेंच नाव दिले आणि १७७३ मध्ये जॉन फॉदरगिल याने त्याचे सविस्तर वर्णन केले.

तरीही कोणता मज्जातंतू काय करतो हेच ठाऊक नसल्याने शल्यचिकित्सक ही कळ थांबवण्यासाठी चेहऱ्याचा भलताच मज्जातंतू कापत; कळ तशीच राही आणि तोंड मात्र वाकडे होई. चार्ल्स बेल याच्या १८२१ पासूनच्या कामातून हळूहळू स्पष्ट झाले की चेहऱ्याची हालचाल सातव्या मज्जातंतूकडे आणि संवेदना मुख्यतः पाचव्या, म्हणजे ट्रायजेमिनल मज्जातंतूकडे असते. हा भेद आजही फार मोलाचा आहे, कारण ‘चेहरा बधिर झाला’ असे म्हणणाऱ्याचा गाल सुन्न आहे की ओठ हलत नाही, यावरून तपासाची दिशाच बदलते. कर्करोगाच्या रुग्णाचा ओठ सुन्न पडल्याची नोंदही बेलनेच १८३० मध्ये केली, आणि हनुवटीची एकाएकी आलेली बधिरता आजही गंभीर खूण मानली जाते. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत ट्रायक्लोरोएथिलीन या द्रावकाच्या संपर्कातील कामगारांचे चेहरे बधिर झाले, तेव्हा त्यातून धोक्याचा इशारा घेण्याऐवजी तेच द्रावक चेहऱ्याच्या कळेवर औषध म्हणून हुंगायला दिले गेले.

मायग्रेनमध्येही चेहरा सुन्न होतो. हातात सुरू होऊन तोंडाकडे सरकणाऱ्या अशा बधिरतेचा अभ्यास एडवर्ड लिव्हिंग याने १८७३ मध्ये मांडला होता. तिचा उलगडा होण्यास विसावे शतक उजाडावे लागले : कार्ल लॅशली याने १९४१ मध्ये स्वतःच्या डोळ्यांपुढे सरकणाऱ्या मायग्रेनच्या आकृतीवरून मेंदूत काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर गतीने पसरत असावे असा हिशेब केला, आणि १९४४ मध्ये अरिस्टिडेस लेआओ याने सशांच्या मेंदूत तशीच संथ लाट नोंदवली. मायग्रेनची बधिरता मिनिटामिनिटाने पसरते ती या लाटेमुळे. पक्षाघाताची बधिरता बहुधा क्षणात येते. म्हणून ती अचानक आली असेल, किंवा पहिल्यांदाच आली असेल, तर मायग्रेन समजून घरी थांबू नये, तातडीने रुग्णालय गाठावे.

१९३४ मध्ये वॉल्टर डँडी याने ट्रायजेमिनलच्या मुळावर रक्तवाहिनीचा दाब असल्याचे दाखवले, आणि १९६० च्या दशकात पीटर जॅनेटा याने सूक्ष्मदर्शकाखाली तो दाब काढण्याची शस्त्रक्रिया पुढे नेली. रक्तवाहिनीच्या दाबाने येणाऱ्या कळेत दोन झटक्यांच्या मध्ये चेहऱ्याची संवेदना सहसा शाबूत असते. कळेसोबत कायमची बधिरताही असेल, तर गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जातंतूंचे आवरण खराब करणारा आजार) शोधावा लागतो, आणि एमआरआय आल्यापासून तो शोध पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपा झाला आहे.

कशातच न बसणाऱ्या दुखण्याला १९२४ मध्ये फ्रेझियर आणि रसेल यांनी अनियमित चेहरेदुखी म्हणून वेगळे काढले. आज त्याच गटाला चिवट, अज्ञातहेतुक (म्हणजे कारण न सापडलेली) चेहरेदुखी म्हणतात, परंतु मज्जासंस्थेची तपासणी निर्दोष असेल तरच हे निदान करता येते. स्पर्शाच्या किंवा टाचणीच्या तपासणीत गाल खरोखर बधिर आढळला, तर हे नाव लागूच होत नाही आणि कारणाचा शोध पुढे चालू ठेवावा लागतो.