उपचारांनंतरचा फॉलोअप : मोजणीतून विचारपुशीकडे

गर्भाशय, गर्भाशयमुख किंवा अंडाशयाच्या कॅन्सरचे उपचार संपले की स्त्रीच्या हाती तारखांचं वेळापत्रक पडतं. साधारणपणे पहिली दोन-तीन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, पाच वर्षांपर्यंत सहा-सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. या पाच वर्षांच्या हिशेबाची मुळं शोधत गेलं, तर ती रुग्णाच्या गरजेपेक्षा आकडेवारीत जास्त सापडतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर दोन मार्ग होते. एक, अर्न्स्ट वेर्टहाइम यांनी १८९८ मध्ये व्हिएन्नात सुरू केलेली मोठी शस्त्रक्रिया. दुसरा, नवं आलेलं रेडियम, म्हणजे किरणोत्सर्गी धातूच्या किरणांनी उपचार. रेडियमचे निकाल प्रत्येक रुग्णालय आपापल्या पद्धतीने मांडायचं, त्यामुळे तुलनाच होईना. अखेर राष्ट्रसंघाच्या (आजच्या संयुक्त राष्ट्रांआधीच्या जागतिक संघटनेच्या) आरोग्य संघटनेने आजाराच्या समान अवस्था ठरवल्या आणि १९३७ पासून निकालांचे अहवाल निघू लागले. पुढे ते काम ‘फिगो’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाकडे गेलं. त्या तक्त्यांना हवी असलेली माहिती मुख्यतः एवढीच : पाच वर्षांनी बाई जिवंत आहे का, आजार उलटला का. कामाचं महत्त्व मोठं होतं. पण ती जगतेय कशी, याला तक्त्यात रकाना नव्हता.

मग चाचण्या वाढत गेल्या. पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, आला, सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन आले, १९८०च्या दशकात अंडाशयाच्या कॅन्सरसाठी सीए-१२५ ही रक्तचाचणी आली. आकडा जरा वर गेला की झोप उडायची. कॅन्सर लवकर दिसला तर आयुष्य वाढेल, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासाने ते तपासलं. केवळ सीए-१२५ वाढलं म्हणून ज्यांना लगेच केमो दिली, त्यांची केमो लक्षणांची वाट पाहणाऱ्यांपेक्षा जवळपास पाच महिने आधी सुरू झाली. आयुष्य मात्र वाढलं नाही. गर्भाशयाच्या कॅन्सरबाबत इटली आणि फ्रान्समधल्या १,८७१ स्त्रियांच्या अभ्यासातही (२०२२) भरमसाट चाचण्यांचा जगण्याला फायदा दिसला नाही.

याचा अर्थ ‘फॉलोअपची गरज नाही’ असा काढणं मला धोक्याचं वाटतं. कसून फॉलोअप म्हणजे चाचण्यांचा ढीग, ही समजूत तेवढी मोडली. परत आलेला आजार बऱ्याचदा बाईच्या तक्रारीतून किंवा साध्या आतल्या तपासणीतून कळतो. रक्तस्राव, ओटीपोटात न थांबणारं दुखणं, पोट फुगणं, एका पायाला सूज, कारण नसताना वजन उतरणं, यांपैकी काही झालं तर पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नसतं. हे तिला उपचार संपतानाच कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

आणि आजार परतला नसला तरी बरंच काही मागे उरतं. रेडिएशननंतर योनिमार्ग आक्रसतो, त्याच्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात. डायलेटर, म्हणजे योनिमार्ग मोकळा ठेवण्यासाठीची गुळगुळीत नळी, कशी वापरायची हे कोणी समजावलं नाही, तर पुढे शरीरसंबंधच नव्हे, डॉक्टरांची तपासणीही असह्य होते. लसिका ग्रंथी (शरीरातला द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठी) काढल्यावर पाय जड होऊ शकतो, संध्याकाळी चप्पल घट्ट बसते. अंडाशय काढल्यामुळे पस्तिशीतच पाळी गेली, तर हाडांचा आणि हृदयाचा प्रश्न पुढची तीस-चाळीस वर्षं सोबत राहतो.

अमेरिकेत हा विचार १९८५ मध्ये फिट्झह्यू मुलन या डॉक्टरने जोरकसपणे मांडला. ते स्वतः कॅन्सरमधून गेले होते. उपचारानंतरचं जगणं हा आजाराचा वेगळा टप्पा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. २००५ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या आरोग्यविषयक सल्लागार संस्थेच्या अहवालाने शिफारस केली, की प्रत्येक रुग्णाला लेखी आराखडा द्यावा : कोणते उपचार झाले, कोणते परिणाम संभवतात, कोणी काय तपासायचं. हा कागद मिळाला नसेल, तर तो मागून घ्यावा. आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून फाइल मिटली जात असेल, तर लघवी, शौच, झोप, संबंध, मनाची भीती, जे सतावतंय ते त्याच भेटीत बोलून घ्यावं.