शर्मन मॅडिसनला आलाच नव्हता!

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अटलांटाच्या पूर्वेला मॅडिसन म्हणून छोटं गाव आहे, जुन्या पांढऱ्या खांबांच्या घरांसाठी फेमस. तिथली स्टोरी सगळीकडे फिरत असते की १८६४ मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, उत्तरेचा जनरल शर्मन दक्षिणेत सगळं जाळत निघाला होता पण हे गाव इतकं सुंदर दिसलं की त्याचा हातच उठला नाही. ऐकायला भारीच वाटतं, पण तसं झालेलं नाही.

मुळात शर्मन मॅडिसनला गेलाच नाही हो. तो दुसऱ्या रस्त्याने मिलेजव्हिलकडे, म्हणजे जॉर्जियाच्या तेव्हाच्या राजधानीकडे, चालला होता, मॅडिसनमध्ये नोव्हेंबरात आली ती त्याच्याच सैन्यातल्या स्लोकम या जनरलची तुकडी. आणि काहीच जाळलं नाही हेही खोटं, रेल्वे स्टेशन गेलं, कापूस गेला, रूळ उखडले. राहती घरं वाचली कारण शर्मनची लेखी ऑर्डरच होती की जिथे विरोध होत नाही तिथे घरांची नासधूस करायची नाही.

शिवाय गावचे जोशुआ हिल स्लोकमला भेटले. हे दक्षिणेने देशातून फुटून निघण्याच्या विरोधातले, १८६१ ला काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, सदस्यत्वाचा राजीनामा दिलेले. लोक त्यांना त्या वेळचे सिनेटर म्हणतात, पण सिनेटर ते झाले १८७१ ला! शर्मनशी त्यांची ओळख मात्र खरी, युद्धात मेलेल्या मुलाचा मृतदेह मिळावा म्हणून ते त्याला अटलांटात भेटले होते. सौंदर्याच्या गोष्टीपेक्षा मला तरी हेच जास्त मनाला लागतं.

आणि गंमत बघा, गावातला बाजार नंतर १८६९ च्या आगीत जळालाच, तेव्हा शर्मन-बिर्मन कोणी नव्हतं.