डिजिटल उद्योगाच्या राष्ट्रीय संघटना

एकाच धंद्यातल्या कंपन्या वर्गणी भरून जी संस्था उभी करतात अन् जी त्या सगळ्यांच्या वतीनं सरकारशी बोलते ती उद्योग संघटना. आपल्या विदर्भात जिनिंगवाल्यांची असते, बाजार समितीत अडत्यांची असते, तशीच सॉफ्टवेअर, इंटरनेट, ऑनलाइन पेमेंटवाल्यांची देशपातळीवर असते. यातली दोन नावं मोठी: नॅसकॉम, १९८८ ची, मुख्यतः सॉफ्टवेअर-आयटीवाल्यांची, अन् इंटरनेट अँड मोबाईल असोसिएशन ऑफ इंडिया म्हणजे आयएएमएआय, २००४ ची. दोन्ही सरकारी खाती नाहीत, बरेच जण तसं समजतात.

मुख्य काम म्हणजे सरकारपुढं म्हणणं मांडणं. नियमाचा मसुदा आला की सभासदांच्या हरकती गोळा करायच्या, निवेदन द्यायचं, दिल्लीत पाठपुरावा करायचा. कॉल सेंटर-बीपीओवाल्यांना लागणारी दूरसंचार खात्याची नोंदणी अन् घरून काम करण्यावरच्या अटी नॅसकॉमला बरीच वर्षं नको होत्या, नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारनं ती नोंदणी काढून टाकली अन् अटी सैल केल्या. कधी मामला कोर्टातही जातो. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टो म्हणजे आभासी चलनवाल्यांशी व्यवहार बंद करायला लावले तेव्हा आयएएमएआय सुप्रीम कोर्टात गेली अन् ४ मार्च २०२० ला ते परिपत्रक रद्द झालं. याशिवाय डेटा सुरक्षेसाठी नॅसकॉमनं डेटा सिक्युरिटी कौन्सिल ऑफ इंडिया काढली, पोरांच्या कौशल्य प्रशिक्षणाचंही काम आहे.

गावाकडं याचा संबंध कुठं येतो तर यूपीआयमध्ये. यवतमाळकडच्या एखाद्या गावात किराणा दुकानावर पंधरा रुपयांच्या चहापत्तीच्या पुडीलाही क्यूआर स्कॅन होतो, पैसे आल्याचं बोलून सांगणारा डब्बा 'प्राप्त हुए' म्हणतो अन् दुकानदाराला पूर्ण पंधरा मिळतात, कारण जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून घ्यायचा चार्ज, ज्याला एमडीआर म्हणतात, तो शून्य आहे. पण सिस्टीम चालवायला खर्च येतोच, म्हणून आयएएमएआयच्या छत्राखालच्या पेमेंट्स कौन्सिल ऑफ इंडियानं २०२५ मध्ये मोठ्या व्यापाऱ्यांच्या यूपीआयवर थोडा चार्ज लावा अशी मागणी केली. कंपन्यांच्या बाजूनं पाहिलं तर मागणी चुकीची म्हणता येत नाही, फुकटात सर्वर चालत नाही. जून २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयानं एमडीआर लागणार या चर्चा निराधार असल्याचं सांगितलं.

खरी अडचण अशी की या टेबलावर गावचा माणूस बसतच नाही. सभासद कंपन्या असतात. आपले सरकार सेवा केंद्र चालवणारा पोरगा सोयाबीनच्या पीक विम्याचे अर्ज भरत बसतो, कापूस वेचून बोटं घासलेल्या बाईचा अंगठा मशीन घेत नाही म्हणून तिला परत उद्या बोलावतो, अन् हे सगळं त्याला रोज दिसतं तरी ते निवेदनात जात नाही. डेटा संरक्षण नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये हरकती-सूचनांसाठी निघाला तेव्हा कंपन्यांकडं वकील होते, अन् हा पोरगा विम्याच्या साइटवरचा सर्वर डाऊन असल्याचं लाइनमधल्या लोकांना समजावून सांगत होता. संघटनांना दोष द्यायचा नाही, त्या ज्यांची वर्गणी घेतात त्यांचंच मांडणार. पण सरकारनं त्यांचं ऐकलं म्हणजे डिजिटल वापरणाऱ्या सगळ्यांचं ऐकलं असं धरू नये, अन् मसुदे मराठीत काढून ग्रामपंचायती, सेवा केंद्रवाले अन् शेतकरी गटांकडूनही थेट मतं मागवावी.