आयडा लुईस : लाइम रॉकची दीपगृहरक्षक

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट बंदरात लाइम रॉक नावाचा एक छोटा खडक आहे. या खडकावरचा दिवा आयडा लुईस (२५ फेब्रुवारी १८४२ – २४ ऑक्टोबर १९११) यांनी पन्नासहून अधिक वर्षे सांभाळला. बुडणाऱ्या किमान १८ जणांना त्यांनी वाचवले, अशी अधिकृत नोंद आहे. खरा आकडा याहून मोठा असावा, कारण वाचवलेल्यांची मोजदाद त्यांनी स्वतः कधी नीट ठेवली नाही.

वडील होझिया लुईस आधी सरकारी जहाजांवर होते. १८५०च्या दशकात लाइम रॉकवर दिवा बसला आणि ते त्याचे पहिले रक्षक झाले. खडकावर राहण्याजोगे घर उभे राहिल्यावर, १८५७च्या सुमारास कुटुंब तिथे राहायला आले आणि काही महिन्यांतच वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. ते कायमचे अपंग झाले. आई त्यांच्या शुश्रूषेत आणि एका आजारी मुलीच्या काळजीत अडकली, त्यामुळे दिव्याचे बरेचसे काम पंधरा वर्षांच्या आयडावर आले. रोज मावळतीला दिव्यात तेल भरायचे, मध्यरात्री उठून पुन्हा भरायचे, वात कातरायची, काजळी पुसायची, उजाडले की दिवा मालवायचा. सण नाही, सुट्टी नाही. शिवाय धाकट्या भावंडांना होडीने शाळेत सोडणे आणि किनाऱ्यावरून वाणसामान आणणेही होतेच. खडकाभोवती चोहीकडे पाणी असल्याने वल्हवणे हे त्यांच्यासाठी चालण्याइतकेच रोजचे होते.

पुढे झालेल्या कीर्तीचे मूळ या रोजच्या वल्हवण्यात आहे. किशोरवयातच होडी उलटून बुडू लागलेल्या चार तरुणांना त्यांनी बाहेर काढले. बुडणारा माणूस घाबरून होडीची कड धरतो आणि होडीच पालथी करतो, म्हणून त्याला बाजूने न घेता मागच्या टोकाकडून आत ओढायचे, ही युक्ती वडिलांनी शिकवलेली होती. १८६७च्या हिवाळ्यातला प्रसंग तर गमतीचाच. एका धनाढ्याची किमती मेंढी धक्क्यावरून समुद्रात पडली. तिच्यामागे तीन गडी होडी घेऊन गेले आणि वादळी पाण्यात स्वतःच बुडू लागले. आयडांनी तिघांना काठावर आणले, मग परत जाऊन मेंढीलाही आणले.

२९ मार्च १८६९ रोजी न्यूपोर्टच्या फोर्ट ॲडम्स या लष्करी किल्ल्याकडे निघालेल्या दोन सैनिकांची होडी वादळात उलटली. आयडा त्या दिवशी आजारी होत्या. तरीही अंगात कोट नाही, पायात बूट नाही अशा अवस्थेत त्या धाकट्या भावाला घेऊन निघाल्या आणि दोघा सैनिकांना वाचवले. होडी नेणारा मुलगा मात्र त्याआधीच बुडाला होता. ही बातमी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत पोहोचली. ‘हार्पर्स वीकली’ने जुलैमध्ये त्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले. बाईने होडी वल्हवणे स्त्रीसुलभ आहे का, हा त्या काळातला प्रश्नही साप्ताहिकाने घेतला आणि जीव वाचवण्यात ज्याला असे काही खटकेल तो गाढवच, असा निकाल देऊन टाकला. न्यूपोर्टकरांनी ४ जुलैला त्यांचा जाहीर सत्कार करून महोगनी लाकडाची होडी भेट दिली. राष्ट्राध्यक्ष ग्रँट भेटून गेले. उन्हाळ्यात खडकावर पाहुण्यांची इतकी रीघ लागली की चाकांच्या खुर्चीत बसलेले वडील आलेल्यांची मोजणी करू लागले. १८७० मध्ये आयडांचा विवाह झाला, पण तो फार टिकला नाही. त्या खडकावर परतल्या.

सरकारी कागदांत मात्र या काळात रक्षक म्हणून त्यांचे नाव नव्हते. वडील हयात असेपर्यंत ते पद वडिलांचे होते, १८७२ नंतर ते आईकडे गेले. आयडांची अधिकृत नेमणूक झाली ती १८७९ मध्ये, वर्षाला ७५० डॉलर पगारावर. अमेरिकी दीपगृहांवर बायका नवीन नव्हत्या. नवरा किंवा बाप गेला की विधवेला किंवा मुलीला पद मिळत असे. आयडांच्या बाबतीत काम आधी आणि पद बावीस वर्षांनी, एवढाच फरक. ४ फेब्रुवारी १८८१ रोजी गोठलेल्या बंदरातून चालत किल्ल्याकडे जाणारे दोन सैनिक बर्फ फुटून पाण्यात पडले. फुटत्या बर्फावर जाऊन आयडांनी दोर फेकला आणि भावाच्या मदतीने दोघांना ओढून काढले. त्यासाठी त्यांना सरकारचे जीवनरक्षणाचे सुवर्णपदक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. शेवटची सुटका त्यांनी साठी ओलांडल्यावर केली.

१९११ मध्ये, पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्या रात्री बंदरातल्या जहाजांनी घंटा वाजवल्या. १९२४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने खडकाचे नाव बदलून ‘आयडा लुईस रॉक’ केले आणि दीपगृहालाही तेच नाव मिळाले. रक्षकाचे नाव दीपगृहाला देण्याचा हा फार दुर्मीळ मान आहे. १९२७ मध्ये तिथली रक्षकाची गरज संपली आणि पुढे ती वास्तू आयडा लुईस यॉट क्लबकडे आली. अमेरिकी तटरक्षक दलाने १९९०च्या दशकात बोया (पाण्यावर तरंगणाऱ्या मार्गखुणा) टाकणाऱ्या आपल्या नव्या जहाजांना जुन्या दीपगृहरक्षकांची नावे दिली, त्यांतल्या पहिल्याला आयडांचे. क्लबच्या निशाणावर वाचवलेल्या जिवांचे अठरा तारे आहेत. मेंढीचा तारा त्यात धरलेला नाही.